मॉलसमोरचा काळा ड्यूक

"घोड्यापाशी भेट," एवढाच मैत्रिणीचा मेसेज होता.

शनिवारची दुपार, जर्मनीतलं ब्राउनश्वाइग नावाचं शहर आणि मी घोड्यापाशी उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. मैत्रीण मूळची पुण्याची, पण सहा वर्षं जर्मनीत काढल्यावर तिला वेळेचं जाम वेड लागलंय. दोन मिनिटं उशीर होणार असेल तरी कळवते. त्यामुळे मला काळजी वाटायला लागली. शेवटी मीच फोन लावला.

"अगं, मी कधीची घोड्यापाशी उभी आहे!"

"मीसुद्धा!"

मग दोघींच्या माना एकदमच वळल्या. कारण तिथे घोडे दोन आहेत! दोन्ही भलेमोठे, धातूचे, दोन्हींवर एकेक रुबाबदार स्वार. एकाखाली मी, दुसऱ्याखाली ती आणि मध्ये शॉपिंगच्या पिशव्या घेतलेली अख्ख्या शहराची गर्दी.

घोड्यांच्या मागे राजवाडा. खांबांच्या रांगा, वर छपरावर चार घोड्यांचा रथ, सगळा थाट राजेशाही. पण दारातून आत शिरलात की समोर एस्केलेटर, कॉफीचा वास आणि सेलच्या पाट्या! शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत जावं आणि पुढ्यात फूड कोर्ट लागावं, तसं काहीसं. मॉलचं नावच श्लॉस-आर्काडेन. श्लॉस म्हणजे राजवाडा. १९४४ साली बॉम्बहल्ल्यांत या शहराचा मध्यभाग जवळजवळ सगळा जळून गेला, त्यात राजवाडाही होरपळला. १९६० साली उरलेला सांगाडा पाडून टाकला. मग २००७ साली जपून ठेवलेले जुने दगड वापरून दर्शनी भाग पुन्हा जसाच्या तसा उभा केला आणि मागे मॉल बांधला. वाड्याच्या एका भागात शहराचं ग्रंथालय आणि छोटं म्युझियमही आहे, पण शनिवारी दुपारी तिकडे कोण बघतंय?

"हा कोण गं?" माझ्या घोड्यावरच्या माणसाकडे बोट दाखवून मी विचारलं.

"ड्यूक आहे कुणीतरी," ती म्हणाली. "आम्ही सगळे याला मॉलचा घोडाच म्हणतो. चल, सेल आठ वाजता संपतो."

खरेदी झाली. पण रात्री तिच्या लॅपटॉपवर सहज म्हणून त्या घोडेस्वाराचं नाव शोधलं आणि झोपायला दोन वाजले. तिच्या घोड्यावर बाप होता, माझ्या घोड्यावर मुलगा. दोघंही नेपोलियनशी लढताना गेले. आणि त्या मुलाची गोष्ट अशी होती की दुसऱ्या दिवसाचा सगळा प्लॅन मी बदलून टाकला.

चौथ्या नंबरचा मुलगा

फ्रीडरिश विल्हेल्म. जन्म ९ ऑक्टोबर १७७१, याच शहरात. बाप कार्ल विल्हेल्म फर्डिनांड, ब्राउनश्वाइगचा ड्यूक आणि प्रशियाच्या सैन्यातला नावाजलेला सेनापती. आई ऑगस्टा, इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाची सख्खी बहीण. खानदान एकदम हाय-प्रोफाइल, पण आपला हिरो चार भावांत धाकटा. त्यामुळे गादी मिळण्याचा चान्स जवळपास शून्य! अशा धाकट्या राजपुत्रांचं करिअर ठरलेलं असायचं. सैन्यात जायचं, बस्स. हाही प्रशियाच्या सैन्यात गेला. १८०२ मध्ये बाडेनच्या राजकन्या मारीशी लग्न झालं. १८०५ मध्ये काका वारले आणि त्यांची ओएल्स नावाची छोटी जहागीर याला मिळाली. ते ओएल्स आता पोलंडमध्ये आहे. हेड ऑफिसऐवजी लांबची एखादी ब्रँच मिळावी, तसा प्रकार. बायको होती, वर्षाचा झालेला मुलगा होता, दुसरा येऊ घातला होता. बरं चाललं होतं.

मग १८०६ साल उजाडलं. सप्टेंबरमध्ये थोरला भाऊ गेला, त्याला मूलबाळ नव्हतं. मधले दोघे कारभार सांभाळण्यासारखे नव्हते. चौथ्या नंबरचा मुलगा अचानक वारस झाला. त्याला महिनाही झाला नाही तोच, १४ ऑक्टोबरला येना आणि आउअरश्टेटच्या जोड लढायांत नेपोलियनच्या फौजांनी प्रशियाचा पार धुव्वा उडवला. बाप एकाहत्तर वर्षांचा, तरी आघाडीवर होता. गोळीने त्याचे दोन्ही डोळे गेले. फ्रेंच फौज ब्राउनश्वाइगकडे येते आहे म्हटल्यावर त्या आंधळ्या, जखमी म्हाताऱ्याला हॅम्बुर्गच्या बाजूला हलवलं गेलं. १० नोव्हेंबरला तो तिथेच, परक्या घरात वारला. मुलगा तेव्हा कुठे होता? ल्युबेकजवळ, प्रशियाच्या उरल्यासुरल्या फौजेबरोबर शरणागती पत्करून फ्रेंचांच्या कैदेत.

म्हणजे हा ड्यूक झाला तो कैदी असताना. आणि ड्यूक तरी कशाचा? १८०७ मध्ये नेपोलियनने ब्राउनश्वाइग नकाशावरूनच पुसलं. आसपासचे मुलूख जोडून वेस्टफालिया नावाचं नवं राज्य केलं आणि आपल्या धाकट्या भावाला, जेरोमला देऊन टाकलं. एप्रिल १८०८ मध्ये मारी बाळंतपणात गेली. ती पंचविशीत होती. पोर मृतच जन्मलं. मागे दोन मुलगे राहिले. एक साडेतीन वर्षांचा आणि दुसऱ्याला दोन पूर्ण व्हायला पाच दिवस कमी.

दीड वर्ष आणि वर थोडे दिवस. तेवढ्यात भाऊ, बाप, राज्य आणि बायको.

काळा ड्रेसकोड

१८०९ मध्ये ऑस्ट्रियाने नेपोलियनविरुद्ध पुन्हा युद्ध पुकारलं. आपल्या ड्यूकने ऑस्ट्रियाशी करार केला, ओएल्सची जहागीर गहाण टाकली आणि त्या पैशातून स्वतःची पलटण उभी केली. जमवाजमव झाली बोहेमियातल्या नाखोदला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात. गणवेश नखशिखांत काळा आणि टोपीवर चांदीच्या रंगाची कवटी. लोक त्यांना श्वार्त्से शार म्हणायला लागले, म्हणजे काळी टोळी. कुणी म्हणे हा काळा रंग सुतकाचा, कुणी म्हणे सूडाचा. त्या वर्षीचं ड्यूकचं एक चित्र आहे. काळा डगला, भरघोस मिशा, टोपीवर कवटी. आजच्या एखाद्या रॉक बँडच्या पोस्टरवर सहज खपून जाईल.

ती कवटी पाहून अंगावर काटा येतो, हेही सांगायला हवं. पुढे हिटलरच्या एसएसने कवटीचंच चिन्ह लावलं, म्हणून. पण जर्मन सैन्यात ही कवटी त्याच्या कितीतरी आधीची आहे. प्रशियाच्या घोडदळाच्या टोप्यांवर ती १७४०च्या दशकापासून होती. चिन्हं कुणाच्या हाती जातील, ते आधी लावणाऱ्यांच्या हातात नसतं.

आता गोष्टीतला खरा पेच. जुलै १८०९ मध्ये वाग्रामला ऑस्ट्रिया हरली. १२ जुलैला त्स्नाइम इथे तह झाला, लढाई थांबली. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. प्रॅक्टिकल माणसाने काय केलं असतं? सही केली असती, पलटण मोडली असती आणि जे काही थोडं मिळतंय ते घेऊन गप्प बसला असता. थोडक्यात, ॲडजस्ट केलं असतं. आपल्याकडे लोकलच्या चौथ्या सीटपासून अप्रेझलपर्यंत सगळीकडे हाच फंडा चालतो ना!

हा माणूस म्हणाला, मी ऑस्ट्रियाचा नोकर नाही. मी एका राज्याचा ड्यूक आहे, ऑस्ट्रियाचा दोस्त आहे. तुमचा तह मला लागू नाही. गंमत म्हणजे ज्या राज्याच्या नावाने तो हे सांगत होता, ते राज्य तेव्हा अस्तित्वातच नव्हतं!

२४ जुलैला त्स्विकाउ गावी त्याने आपल्या माणसांना स्पष्ट सांगितलं. ज्याला जायचंय त्याने खुशाल जावं. काही अधिकारी आणि शिपाई गेलेही. दोन हजारांच्या आसपास उरले. त्यांना घेऊन शत्रूच्या ताब्यातल्या जर्मनीतून आरपार उत्तरेला समुद्रापर्यंत जायचं, तिथे इंग्रज जहाजं गाठायची, असा बेत होता. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर, मुंबई-गोव्यापेक्षा थोडं कमी. पण पायी, मागे शत्रू, पुढेही शत्रू. पकडले गेले असते तर काय? त्याच वर्षी शिल नावाच्या एका प्रशियन अधिकाऱ्याने असंच बंड केलं होतं. तो श्ट्रालझुंडच्या रस्त्यावर मारला गेला आणि त्याच्या पकडलेल्या अकरा अधिकाऱ्यांना सप्टेंबरमध्ये वेझेल इथे गोळ्या घातल्या गेल्या.

स्वतःच्या गावात एक रात्र

रविवारी सकाळी मैत्रीण वैतागलेली. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. "इथे रविवारी काही म्हणजे काही नसतं," हे तिचं सहा वर्षांचं पेटंट वाक्य. मी म्हटलं, चल, सायकली काढ, मॉलच्या घोड्याच्या मागे जाऊ.

ब्राउनश्वाइगच्या जुन्या शहराभोवती ओकर नदीचं कडं आहे. एके काळी तिथे तटबंदी होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पाडून बागा आणि फिरायचे रस्ते केले. आता तिथे जॉगिंग करणारे, बाबागाड्या ढकलणारे आईबाप आणि नदीवर तराफ्यातून मस्त सैर करणारी मित्रमंडळी. वायव्येला पेट्रिटोर, म्हणजे पीटरचा दरवाजा. दरवाजा आता नाही, रस्त्याच्या नावात तेवढा उरलाय.

३१ जुलै १८०९च्या संध्याकाळी काळी टोळी इथे पोचली. आदल्या दोन दिवसांत हाल्बरश्टाट गावात ती वेस्टफालियाच्या एका अख्ख्या रेजिमेंटशी लढून, तिला मोडून आली होती. गल्लीबोळात, घराघरांत लढाई झाली होती. माणसं दमलेली, जखमी. आणि ड्यूक तीन वर्षांनी आपल्या जन्मगावी आला होता. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि कागदोपत्री या गावाचा तो कुणीच नव्हता.

लोक धावत आले. खायला-प्यायला घेऊन आले, रडले, जयजयकार केला. पण हत्यार घेऊन उठलं मात्र फारसं कुणी नाही. का उठतील? ड्यूक उद्या निघून जाणार, जेरोमचे शिपाई परवा परत येणार आणि इथे राहायचं तर यांनाच होतं. मला त्या लोकांचा राग येईना. मी तरी काय केलं असतं? बहुतेक खिडकीतून हात हलवला असता.

सांगतात, त्या रात्री ड्यूक वाड्यात गेला नाही. पेट्रिटोरजवळच्या तटावर, शिपायांमध्ये, गवताच्या पेंढ्यावर झोपला. स्वतःचं घर पायी वीसेक मिनिटांवर!

मी हे सांगत असताना मैत्रीण नदीकडे बघत होती. "घर एवढं जवळ असून," ती म्हणाली आणि थांबली. मग सायकलचा पॅडल सरळ करत म्हणाली, "चल, पुढे चल."

ओल्पर

पेट्रिटोरपासून वायव्येला जाणारा रस्ता पकडला की सायकलवर थोड्याच वेळात ओल्पर येतं. तेव्हाचं खेडं, आता शहराचाच एक शांत भाग. नीटनेटकी घरं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, जवळ एक तळं, तळ्याकाठी कुत्र्यांना फिरवणारे लोक. रविवार म्हणजे इतकं शांत की सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू येत होता.

१ ऑगस्ट १८०९ला दुपारी इथेच जनरल रॉबेलची वेस्टफालियन फौज आडवी आली. ड्यूकच्या दुपटीहून जास्त. याच्या मागून आणखी दोन फौजा येत होत्या. ड्यूकचा घोडा त्याच्या खालीच मारला गेला. संध्याकाळपर्यंत लढाई कुणीच जिंकली नाही. पण रॉबेल मागे सरला आणि रस्ता मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी काळी टोळी निघाली. हानोव्हर, वेझर नदी आणि पुढे एल्सफ्लेट. ६ आणि ७ ऑगस्टला ते जहाजांवर चढले आणि थेट इंग्लंड. दोन आठवड्यांत पाचशे किलोमीटर, आणि बहुतेक पलटण शाबूत!

इथे टाळ्या वाजवून गोष्ट संपवता आली असती. मैत्रिणीने मात्र बरोबर नको तो प्रश्न विचारला. "आणि समोरून लढणारे कोण होते? फ्रेंच?"

नव्हते. बहुतेक जर्मनच होते. वेस्टफालियाच्या राज्यात ब्राउनश्वाइगचा मुलूखही होता, त्यामुळे जेरोमच्या सैन्यात इथलीच पोरं भरती केलेली. हाल्बरश्टाटला पकडलेल्यांपैकी काहीजण तर सरळ ड्यूकच्या बाजूला आले. म्हणजे परवापर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारे पुढच्या आठवड्यात एकाच जहाजात. या माणसाचा एक 'नाही' किती जणांना भोवला, याचा हिशेब पुतळ्याच्या चबुतऱ्यावर कुणी लिहीत नाही.

"हिरो वगैरे ठीक आहे," ती म्हणाली. "पण याच्या इगोपायी दोन हजार माणसं फरफटली."

"त्यांना जायची मुभा होती की."

"बॉस म्हणतो ज्याला जायचंय त्याने जा, तेव्हा किती जण जातात गं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

चौफुल्यावर

इंग्लंडमध्ये त्याची बहीण कॅरोलाइन होती. ती युवराजाची बायको, पण नवऱ्याशी तिचं अजिबात पटत नव्हतं. ड्यूकची पलटण इंग्रजांच्या नोकरीत गेली, स्पेन-पोर्तुगालमध्ये लढली. पुढे तिच्यात कुठूनकुठून माणसं भरली गेली, पळून जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि नाव जरा खराबही झालं. ड्यूक स्वतः लंडनमध्ये वाट बघत बसला. चार वर्षं!

१८१३ च्या ऑक्टोबरमध्ये लाइपत्सिगला नेपोलियन हरला, वेस्टफालियाचं राज्य कोसळलं आणि २२ डिसेंबर १८१३ला फ्रीडरिश विल्हेल्म घरी आला. या वेळी खरा ड्यूक म्हणून, वाड्यात झोपायला. हे सुख किती टिकलं? दीड वर्षही पुरतं नाही. १८१५ मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून निसटला आणि ड्यूक आपली नवी फौज घेऊन बेल्जियमला निघाला. पुन्हा काळे कपडे, पण आत बरीचशी नवखी, मिसरूड न फुटलेली पोरं.

तिथला सरसेनापती होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हे नाव आपल्याला वेगळ्या नावाने माहीत आहे. आर्थर वेलस्ली, २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा. त्याहून गंमत म्हणजे असईला शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमान नावाचा जर्मन होता आणि तो मूळचा हानोव्हरचा. ब्राउनश्वाइगहून रेल्वेने तासाभराच्या आत येणारं हानोव्हर! जग तेव्हाही लहानच होतं.

१५ जून १८१५च्या रात्री ब्रसेल्समध्ये डचेस ऑफ रिचमंडने बॉल दिला होता. इतिहासातली बहुधा सगळ्यात गाजलेली पार्टी. नाचगाणं चालू असतानाच नेपोलियन जवळ आल्याची बातमी पोचली आणि अधिकारी एकेक करून निघाले. आपला ड्यूकही त्या पार्टीत होता. बायरनने 'चाइल्ड हॅरल्ड्स पिलग्रिमेज' या दीर्घकाव्यात त्या रात्रीचं वर्णन केलंय, त्यात हाही आहे.

दुसऱ्या दिवशी, १६ जूनला, क्वात्र ब्रा. फ्रेंचमध्ये शब्दशः चार हात. आपल्या भाषेत चौफुला. फ्रेंच तोफांचा मारा सुरू झाला. नवखी पोरं हादरली. तेव्हा ड्यूक त्यांच्यासमोर घोड्यावरून संथपणे इकडून तिकडे फिरत राहिला, तोंडात पाइप धरून, धूर काढत, जणू संध्याकाळी बागेत फिरायला आलाय. नंतर पांगलेल्या पायदळाला सावरताना गोळी लागली. हातातून आरपार जाऊन पोटात. शिपायांनी बंदुकांची झोळी करून त्याला मागे नेलं. एवढ्या मोठ्या आयुष्याला शोभेलसं वाक्य तो बोलला का? जे नोंदलंय ते इतकंच, की जवळ असलेल्या वाखहोल्ट्स नावाच्या अधिकाऱ्याला त्याने विचारलं, ओल्फरमान कुठे आहे? ओल्फरमान म्हणजे त्याच्यानंतर फौज सांभाळणारा माणूस. थोड्याच वेळात ड्यूक गेला. वय त्रेचाळीस. दोन दिवसांनी वॉटर्लू झालं, नेपोलियन कायमचा संपला. ते बघायला हा नव्हता.

मला हा ओल्फरमानचा प्रश्न फार आवडला. देशासाठी वगैरे काही नाही. काम कोण बघतंय, एवढंच.

हिरे, मुलगे आणि मॉल

दुपारी आम्ही कॅथेड्रलमध्ये गेलो. बाहेर चौकात शहराचा प्रसिद्ध कांस्य सिंह आहे, ११६६ सालच्या आसपासचा. बाहेर प्रतिकृती, खरा सिंह शेजारच्या किल्ल्यात. खाली तळघरात या घराण्याच्या शवपेट्या. त्यातच हा आणि त्याचा बाप. आधी मुलगा आला, १८१५ मध्ये. परक्या गावात पुरलेल्या बापाला १८१९ मध्ये आणलं. बाप मुलाच्या मागून घरी आला. वर ऑर्गनचा सराव चालू होता, खाली थंडगार. मैत्रीण नेहमीसारखी बोलत नव्हती.

तिथून लोवनवाल नावाच्या बागेत गेलो. १८२३ मध्ये उभारलेला उंच लोखंडी स्तंभ, बाप-लेक दोघांच्या नावाने. त्याच्या पायथ्याशी एक मुलगी पुस्तक वाचत होती, दोघं बियर पीत होते.

आणि दोन मुलगे? थोरला कार्ल मोठा झाल्यावर गादीवर आला आणि असा वागला की सप्टेंबर १८३० मध्ये लोकांनीच वाडा पेटवून त्याला हाकलून दिलं. ज्या घरी यायला बापाने एवढं केलं, तिथून मुलगा पंधरा वर्षांत पळाला! तो हिऱ्यांचा शौकीन, पैशांत पक्का. १८७३ मध्ये जिनिव्हाला वारला आणि सगळी दौलत त्या शहराला देऊन गेला. अट एकच, माझं भव्य स्मारक बांधा. तुमच्या घरातलं कुणी स्वित्झर्लंडच्या टूरवर जाऊन आलं असेल, तर जिनिव्हा सरोवराकाठच्या त्या कोरीव मनोऱ्यासमोर त्यांनी नक्की फोटो काढला असेल. तोच हा, ब्रन्सविक मॉन्युमेंट. घराण्यातलं सगळ्यात देखणं स्मारक हाकलून दिलेल्या पोराचं.

धाकटा विल्हेल्म, आई गेली तेव्हा दोन वर्षांचाही नसलेला, तो मात्र १८८४ पर्यंत राज्य करत राहिला. जळलेल्या वाड्याच्या जागी त्याने नवा वाडा बांधला. वाड्यासमोर बाप-आजोबांचे घोडे १८७४ मध्ये त्याच्याच काळात बसले. त्याला औरस वारस नव्हता, त्यामुळे घराण्याची ही शाखा त्याच्याबरोबरच संपली. आजचा मॉल म्हणजे त्याच वाड्याचा चेहरा. म्हणजे काळ्या ड्यूकने हा वाडा कधी पाहिलाच नाही. बाहेर उभा आहे तो ज्या घरासमोर, ते त्याचं नव्हेच.

संध्याकाळी आम्ही पुन्हा घोड्यांपाशी आलो. रविवार, मॉल बंद. चौक जवळजवळ रिकामा. कालच्या पिशव्या नाहीत, सेल नाही. अचानक तो राजवाडा परत राजवाडा झाला होता आणि समोरचे दोघं त्याचे मालक वाटत होते. निदान सोमवारी सकाळपर्यंत तरी.

माझी गाडी साडेसातला होती. आम्ही चबुतऱ्याच्या पायरीवर बसलो. मैत्रीण इथून जवळच्या वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या डिझाइनचं काम करते. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून पुणे आणि हा टापू यांच्यात माणसांची अशी ये-जा वाढलीय. तिला कायमची नोकरी मिळतेय, उत्तर महिन्याभरात द्यायचंय. हे तिने मला दोन दिवसांत तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुण्यात रात्रीचे साडेदहा. दर रविवारी या वेळेला आईचा फोन असतो. पलीकडचा प्रश्न मला ऐकू आला नाही, पण तो काय असणार हे पुण्याबाहेर राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. एरवी तिचं उत्तरही ठरलेलं असतं. बघू गं, पुढच्या वर्षी.

या वेळी ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आई, मी घोड्यापाशी आहे. घरी गेल्यावर सविस्तर बोलते. खरंच बोलते."

कुठल्या घोड्यापाशी, ते तिने सांगितलं नाही. या वेळी आम्ही दोघी एकाच घोड्यापाशी होतो.

जायचंय?

बर्लिनहून ब्राउनश्वाइगला वेगवान आयसीई रेल्वेने साधारण दीड तास, हानोव्हरहून पाऊण तासाच्या आत. वोल्फ्सबुर्ग वीसेक मिनिटांवर, त्यामुळे ऑफिसच्या टूरवर असाल तर शनिवार-रविवार सहज जमतो. जुनं शहर पायी फिरता येतं, ओल्परसाठी सायकल बेस्ट. उन्हाळ्यात ओकर नदीवरची तराफ्याची सैर चुकवू नका. शॉपिंग शनिवारीच उरका, ड्यूकला मात्र रविवारी भेटा. आणि कुणाला भेटायची जागा सांगताना घोडा कुठला, बापाचा की मुलाचा, ते आधी ठरवून घ्या!